दसऱ्याला सोडायची पाखरं

महाड, ६ ऑगस्ट

प्रिय विनीत,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील अशी भीती वाटते. म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, हे आईबद्दल नाही. कोंबड्यांबद्दल आहे.

फोन करणार होते. पण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला आईपाशी पोचतो आणि पुढे मी काय बोलते ते तुलाही पाठ आहे. कागदावर मला थांबता येतं.

वरंधच्या वर, घाटाच्या पोटात एक वाडी आहे. येसूबाई तिथली. माझी लॅब चालू होती तेव्हा ती नवऱ्याची, मोरूची, थुंकी तपासायला घेऊन यायची. त्याचा टीबी बरा झाला आणि येणं राहिलं. पुरात लॅब गेली तेव्हा चिखलातून माझ्या काचा वेचायला जी दोन-चार माणसं आली, त्यांत ती होती. हे तुला माहीत नसेल. तेव्हा तू हिसारच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातच होतास.

वाडीच्या डोक्यावर देवीची राई आहे. राईतल्या रानकोंबड्या देवीच्या, त्यांना कोणी हात लावत नाही. यंदा उन्हाळ्यात वणवा चढत राईच्या कडेला आला. झोडपून विझवायला गेलेल्या बायकांना जळक्या गवतात एक घरटं दिसलं. मादी नव्हती, अंडी कोमट होती. येसूबाईने ती ओच्यात घालून आणली आणि घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. देवीचं देवीला परत द्यायचं, दसऱ्याला वाजतगाजत राईत नेऊन सोडायचं, असं वाडीने ठरवलं. वणव्यानंतर राईत रानकोंबड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. त्यामुळे या अंड्यांवर सगळ्यांचा जीव.

पिल्लं निघाली. मे महिन्यात मी बघायला गेले होते. विनीत, वाऱ्याने वाळकी पानं पळावीत तशी ती त्या गावठी आईमागे अंगणभर पळत होती. जुलैत मरायला लागली. पिसं फुगवून, डोळे मिटून एका जागी उभी राहायची आणि विष्ठेत रक्त. आता तीन उरलीत, एक कोंबडा आणि दोन माद्या.

मेलेलं एक मी घरी आणून उघडलं. आतड्याच्या शेवटी ज्या दोन पिशव्या असतात त्या रक्ताने तट्ट फुगल्या होत्या. पुरातून वाचलेल्या मायक्रोस्कोपखाली गोळेच गोळे, सगळे सारखे, आत नुसता दाणेदार गर. माणसांच्या शौचात तीस वर्षं जे पाहिलं त्यातलं हे काही नव्हे. तू आयुष्य पक्ष्यांच्या आतड्यांत घालवलंस. हे कोंबडीचं दुखणं आहे की रानाचं, ते कसं ओळखू? कोंबडीचं असेल आणि ही तीन पाखरं ते पोटात घेऊन राईत गेली, तर तिथे उरलेल्यांचं काय होईल?

मोरू मला म्हणाला, "मानसांचा गू सपला वाटतं बाय, आता कोंबड्यांचा बघाया लागलीस!" येसूबाईने त्याला चुलीपुढून फुंकणी उगारून दाखवली.

एवढ्यापुरतं उत्तर दे.

ताई


महाड, २७ ऑगस्ट

प्रिय विनीत,

पार्सल पोचलं. चिठ्ठीत चारच ओळी होत्या, पण अक्षर तेच, एकमेकांना टेकून चाललेलं. पाचगणीला होस्टेलवर तुझं पत्र यायचं तेव्हा सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, तुझा भाऊ शाई वाचवतो.

तू सांगितलंस तसं केलं. ताजं बघून कळत नाही, पिकू द्यावं लागतं, हे मला कुठून माहीत असणार? माणसांच्या लॅबमध्ये सगळी घाई ताज्याची. तू पाठवलेल्या केशरी द्रावणात विष्ठा कालवून बशीत पातळ पसरली, वर जाळीचं कापड घातलं आणि हवा लागू दिली. रोज सकाळी चहाआधी ढवळत होते. कामवालीने विचारलं, कसलं लोणचं घातलंय म्हणून. मग साखरेच्या पाकात घोळवून वर तरंगलेलं काचेवर घेतलं.

पिकलेला गोळा पाहिला आणि मला शाळेतली जीवशास्त्राची खोली आठवली, खिडकीतून धुकं आत यायचं ती. इतकं नीट आखलेलं काही मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. एका गोळ्यात चार खोल्या. दुसरा, तिसरा, सगळे चार खोल्यांचे. सिस्टर सांगायच्या, जे दिसतं ते काढा, जे माहीत आहे ते नाही. मी चित्र काढलं. तुझ्या पट्टीने मापं घेतली. मग येसूबाईच्या त्या खुडूक कोंबडीची विष्ठा तशीच पिकवली. गोळे तेच, मापंही तीच.

राईतलंही पाहिलं. देवळाच्या वळचणीला बुलबुल बसतात, तिथलं. त्यात गोळे आहेत, पण दोन खोल्यांचे. तू लिहिलंस तसेच, रानातल्या लहान पाखरांचे आपले जुने, मुरलेले. रानकोंबड्या देवळाच्या पडवीत कोरड्या मातीत लोळायला येतात, तिथे त्यांची विष्ठा मिळाली. तिच्यात चार खोल्यांचं काही नाही.

म्हणजे हे दुखणं राईचं नव्हेच. ते अंगणातलं आहे. आईच्या पंखाखाली मिळालेलं आहे. येसूबाईला हे कसं सांगावं ते मला कळेना. सांगितलं तेव्हा ती कोंबडीकडे बघत राहिली. "माया लावली ना गो तिनं," एवढंच म्हणाली.

बाजारातून कोंबड्यांचं औषध आणून पाण्यातून चालू केलंय. आता बघायचंय ते या तिघांचं.

ताई


महाड, १३ सप्टेंबर

प्रिय विनीत,

स्वच्छ!

औषध संपल्यावर पुन्हा पुन्हा पाहिलं. तिघांचंही, वेगवेगळं. बशी पिकवून पाहिली, एकही गोळा नाही. येसूबाई पहाटे खुराडं उघडते तेव्हा खाली पानं अंथरून ठेवते आणि पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडे डबी देते. सगळ्या वरंध रस्त्याला आता माहीत आहे डबीत काय असतं. कंडक्टर ती दोन बोटांनी धरून मला देतो आणि म्हणतो, "मॅडम, तुमचा खाऊ." पहिलं, सकाळचं, ताजं सँपल. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आले.

काल वाडीवर जाऊन सगळ्यांना सांगितलं की सोडायला हरकत नाही. मोरू चक्क माझ्या पाया पडायला वाकला. त्याचं कारण कळलं. नातू हृतिक मुंबईला असतो, त्याची बायको सेजल बाळंतपणाला इथे आली आहे. मागचं पोट टिकलं नव्हतं. मोरू देवीपुढे बोलून बसलाय की तुझी पाखरं दसऱ्याला तुझ्या घरी पोचती करतो, तू माझं पाखरू सांभाळ. येसूबाई त्याच्यावर खेकसली, "देवीशी वाटाघाट करतोय, मोठा वकील!" पण खेकसताना तिने सेजलच्या पाठीवरून हात फिरवला.

कोंबडा आता देखणा झालाय. मानेवर मोत्यासारखे ठिपके आलेत. अंगणात असला तरी कान राईकडे. तिकडून रानातला कोंबडा ओरडला की हा मान ताठ करतो आणि घशातल्या घशात काहीतरी पुटपुटतो. पोराचा आवाज फुटतो ना, तसा. तुझा फुटला तेव्हा बाबा दवाखान्यातून विचारायचे, कोण पेशंट आलाय?

येणार असलास तर ये. दसऱ्याला. वाडी बघशील. आग्रह नाही.

ताई


महाड, २१ सप्टेंबर

विनीत,

एवढ्या दिवसांत फोनवर तुझा पहिला मेसेज आला आणि त्यात दोन शब्द. "किती वाजता?"

मला वाटलं, तू दसऱ्याचं विचारतोस. मी आनंदाने लिहिलं, सकाळी दहाला निघतात. मग तुझा दुसरा मेसेज आला. विष्ठा किती वाजता घेतलीस?

गोळे दुपारनंतर पडतात. सकाळी जवळजवळ नसतातच. हे तू पहिल्या चिठ्ठीत का लिहिलं नाहीस? माहीत असेलच असं धरून चाललास ना? मी माणसांची लॅब चालवली. आमच्याकडे सकाळचं ते खरं.

त्याच दिवशी वर गेले. उन्हं कलेपर्यंत येसूबाई आणि मी अंगणात पाखरांमागे पानं घेऊन फिरलो. सेजल ओट्यावर बसून हसत होती. "आज्जे, तुमी दोगी बी खुळ्या झाल्या," म्हणाली. येसूबाई म्हणाली, "तू बस गो. तुज्या पोराचं बी उद्या आमीच काडनार हाव."

राईतलंही पुन्हा घेतलं, दुपारचंच. सगळं पिकवलं. राईतल्या रानकोंबड्यांत आजही काही नाही. आपल्या तिघांत आहे. तिघांतही. चार खोल्यांचे. एका मादीच्या काचेवर तर इतके, की मी मोजणं सोडून दिलं.

मी वाडीला होकार देऊन बसले आहे. काय करू ते सांग. लगेच सांग.

ताई


महाड, २६ सप्टेंबर

विनीत,

"सोडू नकोस. खात्री नसेल तर मारून टाक."

आईच्या वेळीही तू इतक्याच शब्दांत बोलला होतास. डॉक्टर विचारत होते, व्हेंटिलेटर लावायचा का, आणि तू म्हणालास, नको, द्या कागद. मी तेव्हा म्हटलं होतं, आई म्हणजे तुझ्या दवाखान्यातली म्हैस नव्हे. माझं अजून तेच म्हणणं आहे. हे आईबद्दल नाही असं मी लिहिलं होतं, पण तूच तो सूर लावलास.

मी मारणार नाही. पाखरं खाली महाडला आणली आहेत. अंगणातल्या मातीतून पुन्हा पुन्हा पोटात जातं, म्हणून त्यांना मातीपासून वर ठेवायचं, हे मला आता कळतं. माळ्यावर पिंजरा केला. तळाला जाळी, विष्ठा खाली पडते. तू सांगितलेलं दुसरं औषध पुण्याहून मागवलं. रानातलं पाखरू घरात ठेवणं गुन्हा आहे हेही मला माहीत आहे, ते तू सांगू नकोस. वाडीला सांगितलंय, दसऱ्याआधी परत करते.

पण त्यांना कोंडणं कठीण आहे. अंगणात ती मोकळी होती, इथे माझी सावली पडली तरी सरळ वर उसळतात. कोंबड्याने छताच्या जाळीवर आपटून डोक्याची कातडी काढून घेतली. हाड दिसतं. मी गोणपाट बांधलं, हळद लावली, तर हळद लावताना धरल्यावर त्याचं काळीज माझ्या तळव्यात असं धडधडत होतं की मीच सोडून दिला. तेव्हापासून तो ओरडत नाही. पुटपुटतही नाही.

रोज दुपारी बशी लावते. कमी होतंय. शून्य होत नाही.

मोरूचा रोज फोन. "बाय, पाखरं बरी हायत ना? दसऱ्याला हायत ना?" मी हो म्हणते.

ताई


महाड, ५ ऑक्टोबर

प्रिय विनीत,

दसऱ्याच्या आदल्या दिवशी येसूबाई दुपारच्या एसटीने आली. काखेत झाकणाचं डालगं, त्याला झेंडूची माळ बांधलेली. पाखरं न्यायला आली होती. पिंजऱ्यापाशी गेली, कोंबड्याचं डोकं पाहिलं आणि माळ सोडून खुंटीला अडकवली. मी काही बोलायच्या आधी.

शेवटची काच मायक्रोस्कोपखालीच होती. तिला स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटायला तिला जमेना, मी हाताने झाकला.

"हे गोल गोल?"

"हो. आत बघ."

बराच वेळ बघत राहिली. "चार हायत," म्हणाली. मग, "आनि राईत?"

"राईतल्या रानकोंबड्यांत एकही नाही."

"दिवाळीपातूर थांबलं तर?"

"कदाचित जाईल. कदाचित नाही. पण हा कोंबडा दिवाळीपर्यंत राहणार नाही, येसूबाई. आणि वाडी थांबेल?"

"वाडी थांबंल. म्हातारा नाय थांबायचा. त्यो येऊन तुजं कुलूप तोडंल न् राईत सोडून येईल. रोज सेजलच्या पोटाकडं बघत बसतो." ती उठली. "देवीच्या घरात रोग घेऊन कोन जातंय गो. पावनी सुदिक पाय धुऊन जातात."

मला वाटलं ती रडेल. तिने लुगडं खोचलं आणि विचारलं, मागल्या दारी खड्डा काढाया कुदळ हाय का.

कोंबडा तिने केला. घरात सणाला कोंबडी करतात तो हात, एक पिळा, आवाजसुद्धा नाही. पहिली मादीही तिनेच. मी पाय धरले होते. दुसरी धरली आणि तिचा हात थांबला. नुसतीच धरून बसली. अंगठ्याने तिच्या मानेवरची पिसं सारखी करत होती. "हिला लहानपनी मी तोंडानं पानी पाजलंय," म्हणाली, "हिचं माज्याच्यानं नाय व्हनार." आणि पाखरू माझ्याकडे दिलं.

तुला वाटेल, ताईने डोळे मिटले असतील. नाही. मिटले असते तर नीट झालं नसतं. कसं धरायचं ते येसूबाई सांगत होती आणि मी केलं. मला दोनदा करावं लागलं. ते मी तुला लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

खड्ड्यात चुना टाकला, वर दगड ठेवले. पिंजरा जाळला.

दसऱ्याला मी वाडीवर गेले. नाही गेले तर पळाले असं झालं असतं. येसूबाईने सकाळीच मोरूला सांगितलं होतं. तो माझ्याशी बोलला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पण ढोल निघाला तेव्हा तोच पुढे होता आणि डोक्यावर डालगं होतं. झाकण लावलेलं, झेंडूची माळ बांधलेलं. ते किती हलकं आहे ते चालताना दिसत होतं. जड वस्तू डोक्यावर असल्यासारखी मान तो मुद्दाम ताठ धरत होता. बाकीच्यांना किती माहीत होतं, मला सांगता येत नाही. कोणी विचारलं नाही.

राईत ढोल थांबला. जळलेल्या कडेला हिरवं फुटलंय. मोरूने डालगं देवळापुढे ठेवलं, हात जोडले, पुटपुटला. मग झाकण उचललं आणि एकदम दोन्ही हात वर करून ओरडला,

"गेली! ती बगा गेली!"

सगळ्यांनी वर पाहिलं. बायकांनी हात जोडले. सेजल पोटावर पदर धरून फांद्यांत शोधत होती. "कुटं गेली, आज्जे?"

"त्या तकडं," येसूबाई म्हणाली. "आंब्याच्या पल्याड. दिसली नाय तुला? दोन जिवांची तू, चार डोळ्यांची."

ढोल पुन्हा वाजायला लागला. डालग्यात कोणी वाकून पाहिलं नाही. परतताना मोरू माझ्याजवळून गेला आणि न थांबता म्हणाला, "हिचं बाळंतपन होईतवर वाडीवर येऊ नको, बाय." येसूबाईने ऐकलं. या वेळी ती त्याच्यावर खेकसली नाही. एसटीपर्यंत मला पोचवायला मात्र आली. गाडी दिसली तेव्हा म्हणाली, "तुज्या भावाला कळव, काम झालं म्हून." म्हणून कळवते. राईत गेलेलं नाही. आईच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही, हेही कळवते. ती पाखरू नव्हती.

एक राहिलं. त्या दिवशी हॉस्पिटलात सही करून तू खाली कॅन्टीनला गेलास. मी तुला शोधत आले तेव्हा तू जेवत होतास. उसळ-पाव, वर कांदा मागून घेतलास. मी दारातून परत फिरले. तुला दिसले नव्हते. पुढे तुला जे काही बोलले, ते सहीमुळे बोलले असं तू समजत आलास, आणि मीही समजू दिलं. सहीमुळे नव्हतं ते. त्या कांद्यामुळे होतं.

परवा खड्डा बुजवून झाल्यावर येसूबाईने हात धुतले आणि विचारलं, "काय जेवाया हाय का गो?" मी पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या. तिच्यासाठी करत होते. ताट तिला वाढलं, आणि उभ्या उभ्या तव्यावरची पहिली भाकरी मी खाल्ली. मग बसून दुसरी. मला फार भूक लागली होती, विनीत.

ताई